पाकिटावरचा पत्ता: नागपुरातल्या एका सावजी मसाल्याच्या घरगुती धंद्याने वेबसाइटचा प्लॅटफॉर्म कसा निवडला

गोळीबार चौकाजवळच्या त्या घरात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सूनबाई पाटावर बसून मसाल्याच्या पाकिटांवर पांढरे स्टिकर चिकटवत होत्या. पाच हजार पाऊच छापून आणलेले, त्यातले बत्तीसशे शिल्लक. प्रत्येकावर वजन आणि एमआरपीच्या खाली वेबसाइटचा पत्ता छापलेला, आणि तो पत्ता आता त्यांचा राहिला नव्हता. टाइप केला की भलत्याच जाहिरातींचं पान उघडायचं. नखाने कडा दाबून दाबून एकेक स्टिकर बसवायचा, तरी लॅमिनेशनवर तो तासाभरात उचलायचा.

ही २०२५ च्या जानेवारीतली गोष्ट. मी लहान धंद्यांचे हिशेब आणि जीएसटीचं काम पाहतो, त्यामुळे वेबसाइटचा विषय माझ्याकडे नेहमी हिशेबाच्या वाटेने येतो. या घराचं नाव देत नाही, पण बाकीचं सगळं तपशिलाने सांगतो. असे प्रश्न घेऊन महिन्याला दोघं-तिघं तरी माझ्याकडे येतात आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो: "सगळ्यात चांगलं कोणतं?"

धंदा काकूंचा, म्हणजे सूनबाईंच्या सासूचा. कोष्टी घर, काकूंच्या सासऱ्यांच्या काळात हातमाग होते, ते बंद पडल्यावर सासूबाईंच्या हातचा सावजी मसाला विकायला सुरुवात झाली. मिरची कळमन्याच्या बाजारातून, जमलं तर भिवापूरची. धने, दगडफूल, खसखस, सुकं खोबरं घरीच भाजायचं आणि ओळखीच्या कांडप केंद्रातून कुटून आणायचं. काकू भाजणीपाशी कुणालाच उभं राहू देत नाहीत. मुलगा बुटीबोरीच्या कारखान्यात, म्हणून पॅकिंग, फोन, व्हॉट्सअ‍ॅप, पार्सल हे सगळं सूनबाईंकडे. घरात संगणक नाही. एक स्मार्टफोन काकूंचा, एक सूनबाईंचा.

आधीची वेबसाइट २०२१ मध्ये ओळखीच्या एका मुलाने करून दिली होती. त्याने डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, आपल्याच खात्यातून, आपल्याच ईमेलवर घेतलं. पुढे त्याला पुण्यात नोकरी लागली, नंबर बदलला. मुदत संपत आल्याच्या सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर जात राहिल्या. डॉट कॉम पत्त्याची मुदत संपली तरी तो लगेच जात नाही. नोंदणी करणारी कंपनी सहसा काही दिवस सवलतीचे देते, नंतर ३० दिवस जास्त पैसे भरून सोडवता येतो, मग ५ दिवसांनी तो कुणालाही मिळतो. यातलं काहीच या घराला कळलं नाही. कळलं ते रायपूरच्या एका गिऱ्हाइकाने फोन करून विचारलं तेव्हा.

"पोरगा वाईट नव्हता जी," काकू म्हणाल्या. "पण पत्ता त्याच्या नावावर हाय, हे आमाले काय माहीत?"

मी त्यांना सांगितलं की डोमेन म्हणजे जागेची रजिस्ट्री, होस्टिंग म्हणजे त्यावरची इमारत आणि प्लॅटफॉर्म म्हणजे आतली मांडणी. मांडणी कितीही सुंदर केली आणि रजिस्ट्री दुसऱ्याच्या नावावर राहिली, तर हातात काय उरतं? हे त्यांना एका वाक्यात समजलं. नागपूरच्या महाल भागात त्यांच्या माहेरच्या घराचं अशाच कारणावरून भांडण झालं होतं. त्याच संध्याकाळी, प्लॅटफॉर्मचा विचारही सुरू व्हायच्या आधी, आम्ही डॉट इन पत्ता घेतला. नाव काकूंचं, ईमेल धंद्याचं, मोबाइल काकूंचा, आणि खातं परत मिळवायला लागणारा दुसरा नंबर सूनबाईंचा. मुदत पाच वर्षांची. पहिल्या वर्षाचा सवलतीचा दर पाहून फसू नये, नूतनीकरणाचा दर वाचावा आणि त्यावरच हिशेब मांडावा.

वहीत काय होतं

प्लॅटफॉर्मची तुलना करण्याआधी मी सूनबाईंची ऑर्डरची वही मागितली. निळ्या शाईने लिहिलेली, हळदीचे डाग पडलेली ती वही मला कोणत्याही तुलनेच्या तक्त्यापेक्षा उपयोगी पडली.

डिसेंबरमध्ये ९२ ऑर्डर. त्यातल्या ३८ नागपुरातल्याच, बहुतेक घरी येऊन नेणाऱ्या. २९ पुणे, मुंबई आणि बाकी महाराष्ट्रातल्या. उरलेल्या २५ हैदराबाद, बंगळुरू, रायपूर, भोपाळकडच्या. म्हणजे वेबसाइटचं काम पडणार होतं ते ९२ साठी नाही, फार तर ५४ साठी. शेजारपाजारचं गिऱ्हाईक वेबसाइट उघडणार नाही, ते दारात येऊन काकूंशी चार शब्द बोलणार आणि मसाला घेऊन जाणार. तसंच राहू द्यावं, असं माझं स्पष्ट मत होतं.

आणि त्या २५ ऑर्डरपाशी माझा हात थांबला. जीएसटी नोंदणी नव्हती. राज्याच्या आतच माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, पण करपात्र माल राज्याबाहेर विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागते. नागपूरला हे मुंबई-पुण्यापेक्षा जास्त जाचतं. आपल्याला रायपूर पुण्यापेक्षा निम्म्याहून कमी अंतरावर आहे, पण मध्ये राज्याची हद्द येते. वेबसाइटवर सगळ्या देशासाठी खरेदीचं बटण लावणं म्हणजे ही हद्द रोज ओलांडणं. म्हणून आधी नोंदणी केली. मसाल्यावरचा ५ टक्के कर किमतीत धरला आणि मगच पुढचं पाऊल टाकलं. वेबसाइट करून देणाऱ्यांपैकी कुणी हे सांगत नाही, आणि याचीच मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

वहीतली आणखी एक गोष्ट. नव्या गिऱ्हाइकाच्या नावापुढे सूनबाई प्रश्नही लिहून ठेवत. "किती तिखट?" "अर्धा किलो मटणाला किती चमचे?" "जवसाचं तेलच पाहिजे का?" तेच ते पाच-सहा प्रश्न, रोज, आणि रोज टाइप केलेली तीच उत्तरं. वेबसाइटचं पहिलं काम पैसे घेण्याचं नव्हतंच, ही उत्तरं देण्याचं होतं.

चार वाटा

काकूंच्या मुलाचं म्हणणं होतं की वेबसाइट कशाला, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपचा कॅटलॉग पुरे. त्यात तथ्य होतं. पण आधीचा अनुभव ताजा होता, आणि फुकटच्या जागेचा भरवसा धरता येत नाही. गूगलने बिझनेस प्रोफाइलवरून मिळणाऱ्या फुकट वेबसाइट २०२४ च्या मार्चमध्ये बंद केल्या. प्रोफाइल राहिलं, साइट गेली. व्हॉट्सअ‍ॅप ठेवायचंच, पण पाकिटावर छापायला स्वतःचा पत्ता हवा.

मग विक्स आणि शॉपिफाय, ही भाड्याने मिळणारी तयार दुकानं, आणि वर्डप्रेसवरचं वूकॉमर्स, जे आपल्या होस्टिंगवर आपणच उभं करायचं. चेन्नईच्या झोहोचं कॉमर्सही पाहिलं. ज्यांची हिशेबाची पुस्तकं आधीच झोहोत आहेत त्यांनी ते जरूर पाहावं. इथे तशी सोय लागत नव्हती, म्हणून बाजूला ठेवलं.

विक्सवर पान मांडायला सर्वांत सुटसुटीत. सूनबाईंनी तासाभरात पहिलं पान उभं केलं, रंगही छान जुळवले. पण एकदा निवडलेला साचा (पानांचा तयार नमुना) नंतर बदलता येत नाही आणि तिथे बांधलेली साइट उचलून दुसऱ्या सर्व्हरवर नेता येत नाही. मालाची यादी उतरवून घेता येते, पानं नव्याने बांधावी लागतात. ज्या घराने एकदा पत्ता गमावला आहे त्या घराला मी ही वाट सुचवू शकलो नाही. फोटोग्राफर किंवा शिकवणी वर्ग असता, पाच पानांचं काम असतं, तर आनंदाने सुचवली असती.

शॉपिफाय वापरायला उत्तम निघालं. मी सूनबाईंना प्रत्येक ठिकाणी तीन कामं दिली, सगळी फोनवरून: एका पाकिटाची किंमत ११० ची १२० करा, एक मसाला संपला असं दाखवा, आलेली ऑर्डर उघडून पत्ता वाचा. शॉपिफायवर त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. वर्डप्रेसच्या मुख्य पडद्यावर त्या दोनदा वाट चुकल्या. वूकॉमर्सचं फोनवरचं अ‍ॅप दिल्यावर तीनही कामं झाली.

मग कागद-पेन घेतलं. सरासरी ऑर्डर ४५० रुपयांची, खर्च जाऊन हातात राहतात नव्वद. पेमेंट गेटवेचे (गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीचे) २ टक्के म्हणजे ९ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून १० रुपये ६२ पैसे. हे सगळीकडे सारखेच, म्हणून नव्वदात आधीच धरलेले. शॉपिफायची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नाही. बाहेरचं गेटवे जोडलं की त्यांच्या बेसिक योजनेत आणखी २ टक्के लागतात, म्हणजे दर ऑर्डरला अजून ९ रुपये. महिन्याचं भाडं, वर्षाचं एकदम भरलं तर, दीड हजाराच्या आसपास. ५४ ऑर्डरवर वाटलं तर २८ रुपये. मिळून ३७. नव्वदातले सदतीस.

वूकॉमर्स स्वतः फुकट आहे, पण फुकटात पडत नाही. होस्टिंग वर्षाला चार हजार, डोमेन हजार, आणि देखभालीला ओळखीच्या एका जाणत्या मुलीला महिन्याला पाचशे. वर्षाचे अकरा हजार, ५४ ऑर्डरच्या हिशेबाने दर ऑर्डरला १७ रुपये. देखभालीचे पैसे न धरता हा हिशेब मांडणं म्हणजे स्वतःला फसवणं आहे, आणि बहुतेक लोक तेच करतात.

पण खरा निर्णय श्रावणाने केला. सावजी मसाला मटण-चिकनचा. आखाडीला धंदा दुप्पट, दिव्यांची अवस सरली की एकदम थंड, आणि तान्हा पोळा, मारबत झाली की परत उठतो. मागच्या श्रावणात बाहेरगावच्या ऑर्डर वीसच्या घरात होत्या. वीस ऑर्डरवर दीड हजार भाडं वाटलं की ७५ रुपये, वर ते ९, म्हणजे ८४. नव्वदातले चौऱ्याऐंशी. वूकॉमर्सवरही ४६ पडतात, तेही कमी नाहीत, पण काकूंना पेलणारे आहेत.

काकू एवढा वेळ खसखस निवडत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "श्रावणात भाडं थांबत नाही, मंग भाड्याचं दुकान कशाले?"

महिन्याला तीनशे ऑर्डर असत्या, पॅकिंगला दोन बाया असत्या, तर मी शॉपिफायच घ्या म्हणालो असतो. तेव्हा भाडं ऑर्डरमागे पाच रुपयांवर येतं आणि वाचलेला वेळ त्याहून मोलाचा ठरतो. प्लॅटफॉर्म चांगला की वाईट हे सांगणं सोपं आहे. तुमच्या वहीला कोणता पेलतो, हे वही उघडल्याशिवाय सांगता येत नाही.

तर्रीची परीक्षा

मजकूर मराठीत हवा, हे काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यासाठी मी एक वाक्य तयार केलं: "तर्रीचा रंग दुसऱ्या दिवशीही टिकतो." तर्रीतला रफार आणि दुसऱ्यातला अर्धा र, दोन्ही एकाच वाक्यात. हे वाक्य प्रत्येक ठिकाणी शीर्षक म्हणून टाकलं. प्लॅटफॉर्म कोणताही असो, साच्याचा दिमाखदार फॉन्ट बहुतेकदा फक्त रोमन अक्षरांचा असतो. मग देवनागरी फोनमधल्या कोणत्याही फॉन्टमध्ये उमटते, आणि एका जुन्या फोनवर "दुसऱ्या"चा र पाय मोडून वेगळा पडला होता. शेवटी मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता फॉन्ट सगळीकडे लावला. तो मुक्त परवान्याचा आहे, आणि जोडाक्षरं नीट बसली.

दुसरी अडचण दुव्यांची. वर्डप्रेस पानाच्या मराठी नावावरूनच पानाचा पत्ता बनवतं. दिसतो छान, पण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की देवनागरीचं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा टक्क्याच्या चिन्हांसह नऊ चिन्हांची होते. "सावजी-मसाला" एवढ्याशा नावाची ९१ चिन्हं. असा लांबलचक दुवा पाहून गिऱ्हाइकाला फसवणुकीची शंका येते, आणि ती यायलाच हवी. म्हणून पानावर मराठी आणि दुव्यात रोमन अक्षरं, असं ठरवलं.

साइट तीन आठवड्यांत उभी राहिली. सहा माल, एक प्रश्नोत्तरांचं पान, एक रेसिपीचं. पेमेंट कंपनी खातं मंजूर करण्याआधी परतावा, पाठवणी, गोपनीयता, अटी आणि संपर्क ही पानं तपासते. ती दुसऱ्याच्या साइटवरून उचलू नका, परताव्याचं स्वतःचं धोरण स्वतः ठरवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार कोणाकडे करायची ते नाव द्यावं लागतं, तिथे सूनबाईंचं नाव गेलं. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, चौदा आकडी क्रमांक, निव्वळ वजन आणि एमआरपी प्रत्येक मालाखाली. फोनमधले चार-चार एमबीचे फोटो दीडशे केबीवर आणले, तेव्हा कुठे पान झटकन उघडायला लागलं.

पार्सलचा खोका हा प्लॅटफॉर्मचा विषय वाटत नाही, पण साइटवर पाठवणीचे दर भरताना तो समोर आला. कुरिअरवाले खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून पाच हजारांनी भागतात, आणि ते वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर तेच धरतात. काकूंचा खोका २० बाय १५ बाय १०, म्हणजे ६०० ग्रॅम. आत माल मोजून साडेचारशे ग्रॅम. अर्ध्या किलोचा टप्पा ओलांडला जायचा. रुंदी १५ ची १२ केली, ४८० ग्रॅमवर आलं. इतकी वर्षं त्या रिकाम्या कोपऱ्यांचे पैसे जात होते. कॅश ऑन डिलिव्हरी ठेवली नाही. परत आलेल्या एका पार्सलचं दोन्ही वेळचं भाडं तीन ऑर्डरची कमाई खातं.

अवसेच्या दोन दिवस आधी

२२ जुलै, मंगळवार. दोन दिवसांवर अवस, वर्षातला सर्वांत मोठा आठवडा. दुपारी हैदराबादच्या एका गिऱ्हाइकाने सूनबाईंना स्क्रीनशॉट पाठवला: पैसे भरायचं बटण दाबलं तरी काहीच होत नाही. पेमेंटचं प्लगइन (साइटला जोडलेला छोटा प्रोग्राम) सकाळी आपोआप अपडेट झालं होतं आणि साच्याशी त्याचं जुळेना. पाच तास दुकान उघडं दिसत होतं आणि गल्ला बंद होता. सूनबाईंचा रडवेला फोन आला: "दादा, सकाळपासून लोक परत जाऊन राहिले असतील!"

बॅकअप रात्रीचा होता, पण तो सरसकट परत टाकला असता तर बिघाडाच्या आधी पहाटे आलेल्या ऑर्डर पुसल्या गेल्या असत्या. देखभाल करणाऱ्या मुलीने फक्त ते प्लगइन मागच्या आवृत्तीवर नेलं. चाळीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात सूनबाईंनी ज्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं त्यांना यूपीआयचा क्यूआर पाठवून ऑर्डर घेतल्या.

भाड्याच्या प्लॅटफॉर्मवर ही वेळ बहुधा आली नसती. तो वाचलेला पैसा कुठून आला, हे त्या दुपारी सगळ्यांना कळलं. आता पेमेंटचं प्लगइन आपोआप अपडेट होत नाही. अपडेट टाळायचे नसतात, सुरक्षेसाठी ते लागतातच, म्हणून दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी दुपारी, बॅकअप घेऊन, ती मुलगी ते करते आणि लगेच एक रुपयाची ऑर्डर टाकून पाहते. सणाच्या आठवड्यात कुणी कशाला हात लावत नाही.

डिसेंबरात साइटवरून ६१ ऑर्डर आल्या. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या काही थांबल्या नाहीत, पण सूनबाई आता "किती तिखट" याचं उत्तर टाइप करत नाहीत, दुवा पाठवतात. महिन्यातून एकदा मालाची आणि ऑर्डरची यादी फाइलमध्ये उतरवून त्या मला पाठवतात. तीच माझी जीएसटीची कच्ची वही, आणि उद्या प्लॅटफॉर्म बदलायचा झाला तर तेच सामान.

जानेवारीत स्टिकर लावलेले पाऊच संपले. छपाईवाल्याकडे पत्त्यासाठी फक्त काळ्या रंगाचा सिलिंडर बदलावा लागणार होता, बाकीचे रंग तसेच. त्याने नमुना काढून काकूंच्या हातात दिला आणि विचारलं, "पत्ता बरोबर आहे न, काकू?"

काकूंनी चष्मा लावला. पाकीट डाव्या हातात धरून उजव्या हाताच्या एका बोटाने, एकेक अक्षर पाहून, आपल्या फोनवर तो पत्ता टाइप केला. पान उघडलं, वर तर्रीचं ते वाक्य. त्यांनी ते वाचलं, फोन सूनबाईंकडे दिला आणि छपाईवाल्याला म्हणाल्या, "छाप."